भलत्या जागची फायब्रॉइड: या चुका टाळा

फायब्रॉइड म्हणजे गर्भपिशवीच्या स्नायूची, कॅन्सर नसलेली गाठ. पिशवीच्या अंगावरची कुणालाही सापडते. तीच पिशवीच्या तोंडाशी, ग्रीवेत वाढली किंवा पिशवीच्या दोन्ही बाजूंच्या पडद्यात, ब्रॉड लिगामेंटमध्ये दडून बसली, की भलेभले चकतात. चुका मात्र दरवेळी त्याच.

माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाते ती बाईला न तपासता कॅथेटर घालण्याची सवय. चाळिशीतली एक पेशंट माझ्याकडे आली ती तिसऱ्यांदा लघवी तुंबल्यावर. आधी दोन ठिकाणी कॅथेटर, 'इन्फेक्शन आहे' म्हणून अँटिबायोटिक, आणि घरी रवानगी. "पाळी जवळ आली की अडतं हो मॅडम," हे तिनं दोन्हीकडे सांगितलं होतं. आतून तपासलं तर ग्रीवेचं तोंड बोटाला लागेना, ते ताणून पार वर गेलेलं. खालची सगळी जागा नारळाएवढ्या गाठीनं ठासून भरलेली. दोन बोटांच्या तपासणीला दोन मिनिटं लागतात. घाई कसली असते, कळत नाही.

पोट उघडलं तेव्हा लहानशी पिशवी गाठीच्या माथ्यावर, शिखरावरच्या कळसासारखी बसली होती. असिस्टंट नवा, हात चलाख. "मॅडम, युटेराइन धरू?" म्हणत त्यानं पिशवीची रक्तवाहिनी धरायला क्लॅम्प पुढे केलासुद्धा. म्हटलं, हात मागे घे. अशा गाठी युरेटरला, म्हणजे किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळीला, त्याच्या जागेवरून कुठंही ढकलतात. आधी गाठीचं वेष्टण उघडायचं, आतल्या आत गाठ सोलून काढायची, क्लॅम्प त्यानंतर. गाठ निघाली, मग चिमट्यानं हलकेच टोचलं तर पांढुरकी नळी गांडुळासारखी वळवळली. क्लॅम्प लागणार होता तिथून बोटभरही लांब नव्हती. त्या दिवसापासून तो मुलगा आधी युरेटर दाखवतो, मग कात्री मागतो.

मोठी गाठ असेल तर मी आधी युरेटरमध्ये स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून घेते. पण स्टेंट आहे म्हणून बिनधास्त कापत सुटणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

बाजूची गाठ दिसली की लगेच ओव्हरीचा कॅन्सर म्हणून घर रडवू नका. ओव्हरीच्या कॅन्सरसाठी रक्तात बघतात ते सीए-१२५ फायब्रॉइडमध्येही वाढतं. दोन्ही ओव्हरी गाठीपासून वेगळ्या दिसतात का, ते सोनोग्राफीवाल्याला विचारा. शंका राहिली तर एमआरआय करा.

योनीत उतरलेला पॉलिप, म्हणजे देठावर लोंबणारी गाठ, पीळ देऊन काढण्याआधी पिशवीच आतून बाहेर उलटलेली नाही ना, ते बघा.

गाठ आक्रसायची इंजेक्शनं ऑपरेशनपूर्वी दोन-तीन महिने ठीक. बंद केली की गाठ पुन्हा फुगते, आणि सोलताना वेष्टणाची पातळीही नीट सापडत नाही.

शेवटची चूक दुर्बिणीतून ऑपरेशन करणाऱ्यांची. मॉर्सिलेटर यंत्रानं पोटातच गाठीचे तुकडे करताना एखादा कण पोटात राहिला, तर तो आतड्याच्या पडद्यावर रुजून काही वर्षांनी नवी गाठ होऊ शकते. त्यात छुपा सारकोमा, म्हणजे कॅन्सर, निघाला तर तो पोटभर पसरू शकतो. त्यासाठीच अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेनं २०१४ मध्ये या यंत्राबद्दल इशारा दिला होता. बंद बॅगेत तुकडे करायला वेळ जास्त जातो, ही तक्रार माझ्या थिएटरमध्ये मी ऐकून घेत नाही.