होम थिएटरवर चित्रपटातील संवाद स्पष्ट ऐकू यावेत म्हणून काय करावे

पार्श्वसंगीताने खोली दणाणते, पण पात्रे बोलू लागली की शब्द कळत नाहीत, असे होत असेल तर एकूण आवाज वाढवून उपयोग नाही. संवादांबरोबर त्यांना झाकणारे आवाजही तेवढेच वाढतात. ५.१ साउंडट्रॅकमध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर यांना वेगवेगळा आवाज देणाऱ्या ध्वनिपट्टीत, बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरकडे दिलेले असतात. या एका स्पीकरपासून कानापर्यंतची वाट मोकळी करणे हेच खरे काम आहे. ते पुढील क्रमानेच करावे, कारण स्पीकर जागचा हलला की आधी केलेली मोजमापे बाद होतात.

प्रथम सेंटर स्पीकरपर्यंत संवाद पोहोचतात का, ते पाहावे. संवादांचा एखादा प्रसंग लावून त्या स्पीकरजवळ कान न्यावा. तेथे शब्द ऐकू येत नसतील, तर रिसीव्हरच्या (सर्व स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राच्या) मेनूत सेंटर स्पीकर बंद दाखवला असेल किंवा टीव्हीकडून दोनच चॅनेल येत असतील. ॲपच्या ऑडिओ यादीत ५.१ चा पर्याय असल्यास तो निवडावा आणि टीव्हीचे डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर असल्यास ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास थ्रू’ करून पाहावे. सेंटर स्पीकर मुळातच नसेल, तर रिसीव्हरला तसे सांगावे, म्हणजे तो संवाद डाव्या-उजव्या स्पीकरांत वाटून देतो.

यानंतर स्पीकरची जागा तपासावी. टीव्हीखाली ठेवलेला स्पीकर बहुधा प्रेक्षकांच्या गुडघ्यांकडे तोंड करून असतो. त्याच्या पुढच्या कडेखाली रबराचा तुकडा सरकवून त्याचा रोख कानांकडे वळवावा. तो फळीच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढावा, नाहीतर त्याचा आवाज फळीवर आपटून मूळ आवाजात मिसळतो, आणि कपाटाच्या बंद कप्प्यात तर तो ठेवूच नये, कारण तेथे पुरुषी आवाज घुमू लागतात. मध्ये ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा भाग) आणि दोन्ही बाजूंना वूफर (खालच्या व मध्यम स्वरांचे मोठे भाग) अशी आडवी रचना असेल, तर कडेला बसणाऱ्याकडे दोन वूफरांचे आवाज किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचून काही मध्यम स्वर एकमेकांना खोडतात. म्हणून स्पष्टतेची परीक्षा मधल्या आसनावरूनच घ्यावी.

उघडी फरशी, काचेचा टेबल आणि मोकळ्या भिंती शब्दांच्या कडा पुसून टाकतात. स्पीकर आणि आसन यांच्यामध्ये जाड गालिचा अंथरावा, काचांवर जाड पडदे लावावेत आणि समोरचा टेबल बाजूला करावा. माझ्या मते महागडा स्पीकर घेण्याआधी एवढे करून पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

आता रिसीव्हरचे स्वयंचलित मोजमाप करावे, म्हणजे तो स्पीकरांचा आवाज मायक्रोफोनने स्वतःच मोजून जुळवतो. हा मायक्रोफोन उशीवर न ठेवता स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीवर ठेवावा आणि पंखा बंद करावा. मोजणी झाल्यावर आकडे नजरेखालून घालावेत. सेंटर स्पीकर ‘स्मॉल’ (खर्ज सबवूफरकडे सोपवणारा) असावा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झच्या आसपास असावा. स्पीकर फार लहान असेल तर क्रॉसओव्हर १०० ते १२० हर्ट्झ ठेवता येतो. मग सेंटरची पातळी २ ते ३ डेसिबलनी वाढवून तोच प्रसंग पुन्हा ऐकावा. त्याहून जास्त वाढवल्यास पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारा आवाज मध्येच उसळतो.

एवढ्याने भागले नाही, तर सबवूफरची पातळी २-३ डेसिबलनी कमी करावी. या उपायाकडे फारसे कोणी वळत नाही, पण खर्जातला मोठा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकतो, आणि शब्दांची ओळख पटवणारी व्यंजने नेमकी तशीच बारीक असतात. त्यांच्या स्पष्टतेसाठी २००० ते ४००० हर्ट्झचा पट्टा विशेष महत्त्वाचा असल्याने इक्वलायझरमध्ये (वेगवेगळ्या पट्ट्यांची पातळी बदलण्याच्या सोयीत) तो १-२ डेसिबलनी उचलता येतो. मात्र ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचू लागले की मागे यावे.

‘नाइट मोड’ किंवा संवाद उठावदार करणारी सोय सर्वांत शेवटी वापरावी. नाइट मोड हळू आवाज वर आणि मोठे आवाज खाली आणतो, त्यामुळे रात्री इतरांची झोपमोड न होता शब्द कळतात. पण कुजबुज आणि गडगडाट यांतले अंतर कमी झाल्याने चित्रपटाची धार जाते, म्हणून एरवी तो बंद ठेवावा. बाकीचे चित्रपट स्वच्छ ऐकू येत असताना एखाद्याच चित्रपटात शब्द हरवत असतील, तर दोष त्याच्या ध्वनिमिश्रणात असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी जमलेली सेटिंग न बदलता सबटायटल्स लावावीत.