पोर्ट्रेट घेताना आधी अंतर ठरवावे, मग लेन्स निवडावी

‘८५ मिलिमीटरची लेन्स चेहरा खुलवते आणि वाइड लेन्स नाक मोठे करते’ असे छायाचित्रण नव्याने शिकणाऱ्यांना हमखास सांगितले जाते. (इथले मिलिमीटर म्हणजे लेन्सची फोकल लांबी; ती जितकी कमी, तितका चौकटीत जास्त भाग मावतो, आणि असा जास्त भाग घेणारी लेन्स म्हणजे वाइड लेन्स.) हा सल्ला व्यवहारात सहसा चुकत नाही, पण त्यातले कारण चुकीच्या जागी शोधलेले असते. नाक, गाल आणि कान यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण कॅमेरा किती दूर आहे यावरून ठरते. त्या अंतरावरून चौकटीत किती भाग मावेल, एवढेच लेन्सच्या हाती असते. खात्री करायची असल्यास ट्रायपॉड न हलवता ३५ आणि ८५ मिलिमीटर अशा दोन्ही लेन्सनी एकच चेहरा टिपावा आणि पहिले छायाचित्र दुसऱ्याइतके कापून घ्यावे. स्पष्टता आणि पार्श्वभूमीचा धूसरपणा यांत फरक पडेल, चेहऱ्याची ठेवण मात्र दोन्हींत सारखीच दिसेल.

यामागचे गणित साधे आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली सुमारे १२ सेंटीमीटर धरली, तर नाकापासून ३० सेंटीमीटरवर असलेला कॅमेरा कानापासून ४२ सेंटीमीटरवर असतो आणि म्हणून कानाच्या तुलनेत नाक तब्बल १.४ पट मोठे उमटते. हाताच्या अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत कान गालांमागे दडल्यासारखे का दिसतात, हे यावरून लक्षात येईल. कॅमेरा दीड मीटरवर नेला की हाच फरक ८ टक्क्यांवर येतो आणि तीन मीटरवर ४ टक्के उरतो. त्याहून मागे गेल्यास चेहरा थोडा सपाट वाटू लागतो. दीड ते अडीच मीटर हा टप्पा मला बहुतेक चेहऱ्यांसाठी सुरक्षित वाटतो. सुरुवातीला जमिनीवर चिकटपट्टीने तशी खूण करून घेतली, तर बोलता बोलता नकळत पुढे सरकण्याची सवय मोडते.

अंतर ठरले की लेन्स आपोआप ठरत जाते. फुल फ्रेम (३६ × २४ मिलिमीटरचा, प्रकाश टिपणारा सेन्सर असलेला) कॅमेरा उभा धरून डोक्यापासून छातीपर्यंतचा, म्हणजे साधारण ७० सेंटीमीटर उंचीचा भाग घ्यायचा असेल, तर ५० मिलिमीटरची लेन्स आपल्याला सुमारे एक मीटरवर, ८५ मिलिमीटरची पावणेदोन मीटरवर आणि १३५ मिलिमीटरची पावणेतीन मीटरवर उभे करते. २४ मिलिमीटरची लेन्स अर्ध्या मीटरपर्यंत पुढे ओढते, आणि तिची बदनामी होते ती यामुळेच. १.५ पट क्रॉप असलेल्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा तितक्या पटीने लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स ७५ मिलिमीटरसारखी वागते, त्यामुळे तिथे तीच पोर्ट्रेटसाठी पुरते. फोनचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीचा असतो. त्याने चेहरा चौकटभर घेण्याऐवजी दोन पावले मागे जाऊन नंतर छायाचित्र कापावे.

पार्श्वभूमीचाही विचार याच वेळी करावा. व्यक्तीच्या मागे दहा मीटरवर झाड आहे आणि आपण एक मीटरवरून ५० मिलिमीटरने टिपत आहोत, असे समजू. दोन मीटरवर जाऊन १०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर चेहरा तेवढाच राहील, पण झाड सुमारे १.८ पट मोठे होऊन जणू व्यक्तीच्या पाठीशी येऊन उभे राहील. ठिकाणाचा विस्तार दाखवायचा असेल तेव्हा हा परिणाम नको असतो. मागचा पसारा चौकटीबाहेर घालवायचा असेल तेव्हा तो हवाहवासा वाटतो.

उंचीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. चेहऱ्याच्या छायाचित्रासाठी कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित वर असावा. जवळून आणि फार वरून घेतल्यास कपाळ मोठे व हनुवटी निमुळती होते, तर खालून घेतल्यास जबडा आणि नाकपुड्या पुढे येतात. पूर्ण उभ्या व्यक्तीसाठी मात्र कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणावा, कारण जवळून आणि डोळ्यांच्या उंचीवरून खाली झुकवलेल्या कॅमेऱ्याला पाय आखूड दिसतात. खुर्चीवर समोर तोंड करून बसलेल्या माणसाचे गुडघे चेहऱ्यापेक्षा बरेच पुढे असतात, म्हणून तिथे एखादे पाऊल अधिक मागे जावे किंवा त्याला थोडे तिरके बसवावे.

समूहचित्रात वाइड लेन्स टाळता येत नसेल, तर कडेला कोणालाही उभे करू नये. तिथली डोकी आडवी ताणली जातात आणि हा दोष अंतराचा नसून खुद्द वाइड चौकटीचा असतो; दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून ती नंतर कापणे हा त्यावरचा सोपा मार्ग आहे.