साथरोग संशोधन संस्थेत रुजू होताय? आधी तिचा कारभार समजून घ्या

पीएचडी किंवा एमडी मायक्रोबायॉलॉजी करून आमच्या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींचा पहिल्या महिन्यातला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, प्रस्ताव मंजूर झालाय, मग काम का सुरू होत नाही?" मी आधी बरीच वर्षं प्रयोगशाळेत होते आणि नंतर समित्यांची सदस्य सचिव म्हणून काम केलं. त्यामुळे फाइल खालून वर कशी जाते आणि वरून खाली का येते, हे दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

आधी उतरंड समजून घ्या. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था घ्या. 1952 मध्ये ती विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, 1978 मध्ये तिला आजचं नाव मिळालं. ती आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अखत्यारीत आहे. आयसीएमआरचे महासंचालक हेच केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाचे सचिवही असतात. म्हणजे विज्ञानाची दिशा आणि सरकारी तिजोरी यांचे धागे वर एकाच खुर्चीशी जुळतात. संस्थेत संचालक असतात आणि त्यांच्या कामाकडे बाहेरच्या तज्ज्ञांची वैज्ञानिक सल्लागार समिती पाहते. या समितीच्या बैठकीत तुमच्या विभागाचं सादरीकरण असेल, तर कोपऱ्यात बसून का होईना, ऐका. पुढच्या काळात कशाला पैसा मिळणार आणि कोणता विषय गुंडाळला जाणार, याचा अंदाज तिथे येतो.

पण संस्थेचा खरा कस लागतो तो "थांबा" म्हणणाऱ्या समित्यांमध्ये. जनुकीय बदल केलेल्या जिवाणू-विषाणूंवरच्या कामासाठी 1989 च्या नियमांनुसार संस्थात्मक जैवसुरक्षा समिती लागते आणि तिच्यात केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी बसतो. माणसांकडून नमुने घ्यायचे तर नैतिकता समिती. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचाच हवा. परदेशी संस्थेबरोबर काम असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची पायरी आणखी वेगळी.

नैतिकता समितीची अशी एक बैठक मला अजून आठवते. डेंग्यूच्या रुग्णांचं रक्त साठवण्याचा प्रस्ताव होता. विज्ञान चोख होतं, प्रमुख संशोधक आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ. संचालकांचं नाव सहसंशोधक म्हणून होतं, म्हणून तो विषय निघताच ते उठून बाहेर गेले. समितीत सामान्य नागरिकांच्या वतीने एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी मराठी संमतीपत्र मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "'नमुना भविष्यातील संशोधनासाठी जतन केला जाईल' म्हणजे किती वर्षं? आणि उद्या बाईला वाटलं, नको, तर तिने कुणाला फोन करायचा?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत गेला. संचालकांनी एका शब्दाने नाराजी दाखवली नाही. माझ्या लेखी नेतृत्व ते हेच. स्वतःच्या प्रकल्पाला आपल्याच घरात नकार मिळू शकेल अशी व्यवस्था उभी करायची आणि नकार आला की तो पाळायचा.

ही व्यवस्था नसली की काय होतं, ते मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या इतिहासात दिसतं. ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने दगावली. सगळ्यांना लस एकाच बाटलीतून दिलेली होती, 53एन क्रमांकाची. त्याच दिवशी उघडलेल्या इतर बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना काही झालं नाही. तरी ठपका लस बनवणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेवर, आणि तिचे प्रमुख वॉल्डेमार हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पद सोडावं लागलं. बाटलीचं बूच काढण्याचा चिमटा गावात मातीत पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, या साक्षीला हवं तेवढं वजन मिळालं नाही. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. 1925 मध्ये संस्थेला त्यांचंच नाव दिलं गेलं. मला हा प्रसंग वाचताना प्रत्येक वेळी चीड येते. चौकशी करणाऱ्यांपुढे क्रमांक होता, साक्ष होती. ती सरकारचा दबाव न घेता तोलणारं स्वतंत्र कुणी नव्हतं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं असं. पहिल्याच आठवड्यात जैवसुरक्षा समितीची मागची इतिवृत्तं मागून वाचा. सगळे प्रस्ताव "एकमताने मंजूर" असतील आणि एकही प्रश्न नोंदलेला नसेल, तर सावध व्हा. जैवसुरक्षा अधिकारी कुणाला उत्तरदायी आहे, ते विचारा. ज्याची प्रयोगशाळा तपासायची त्याच्याच हाताखाली तो असेल, तर तपासणी कागदावरच राहते. संचालकपद रिकामं असून कारभार प्रभारींकडे असेल, तर मोठी यंत्रं आणि नव्या जागा यांचे निर्णय रेंगाळतात, हे गृहीत धरून आपलं नियोजन करा. अभिकर्मकांची (प्रयोगांना लागणाऱ्या रसायनांची, रिएजंट्सची) मागणी मार्चअखेरीवर ढकलू नका. खरेदी केंद्राच्या वित्तीय नियमांनुसार होते आणि लेखा विभागाची घाई तुमच्या पेशींना कळत नाही.

आणि पाच-सात वर्षांनी कुणी नैतिकता समितीत सदस्य व्हायला बोलावलं, तर "वेळ नाही" म्हणू नका. बैठकीच्या आदल्या रात्री संमतीपत्रं पूर्ण वाचून जा, मराठीतली आधी.