'सिम्प्लिसिसिमस'चे जुने अंक कसे वाचावेत

'सिम्प्लिसिसिमस' हे जर्मन व्यंग-साप्ताहिक अल्बर्ट लांगेनने म्युनिकमधून ४ एप्रिल १८९६ रोजी सुरू केलं, आणि १३ सप्टेंबर १९४४ पर्यंत ते निघत राहिलं. हे अंक आता डिजिटल रूपात घरबसल्या बघता येतात. पण नुसती चित्रं चाळत गेलात तर फसगत ठरलेली. ४८ वर्षांत या साप्ताहिकाने इतक्या भूमिका बदलल्या, की तारखेशिवाय एकही चित्र नीट लागत नाही.

म्हणून आधी तारीख काढा. अंकांचा संदर्भ बहुधा 'याहरगांग', म्हणजे वर्षक्रमांक, आणि अंकक्रमांक असा देतात. वर्षक्रमांकात १८९५ मिळवा, म्हणजे तो खंड सुरू झाल्याचं साल मिळतं. सुरुवातीच्या काळात खंड जानेवारीत नव्हे, एप्रिलमध्ये सुरू होई. नवखे हमखास चुकतात ते इथेच. तिसऱ्या वर्षाचा ३१ वा अंक घ्या. ३ अधिक १८९५ म्हणजे १८९८. एप्रिलच्या आरंभापासून तीस आठवडे पुढे गेलं की ऑक्टोबरची अखेर येते. त्याच दिवसांत जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म जेरुसलेममध्ये होता.

सरावासाठी हाच अंक उत्तम. मुखपृष्ठ थॉमस थिओडोर हाइनेचं. त्यात धर्मयुद्धातले, म्हणजे क्रूसेडमधले, दोन जुने वीर आहेत, बुइयाँचा गॉडफ्रे आणि सम्राट बार्बारोसा. बार्बारोसा हसतोय आणि गॉडफ्रे त्याला म्हणतो, असं हसू नकोस, आपल्या धर्मयुद्धांनाही तसा काही अर्थ नव्हताच. चित्रात विल्हेल्म कुठेच नाही. आहे ती फक्त त्याच्या दौऱ्याची आठवण देणारी, गॉडफ्रेच्या हातातली उन्हाळी प्रवासाची टोपी, आणि वार सगळा तिच्यातून होतो. म्हणून चित्रातली प्रत्येक वस्तू त्या काळाशी जुळते का, हे एकेक करून तपासा. न जुळणारी वस्तू बहुधा किल्ली असते.

याच अंकात फ्रांक वेडेकिंडची टोपणनावाने लिहिलेली कविता होती. सम्राटाच्या अवमानाबद्दल अंक जप्त झाला. हाइनेला सहा महिन्यांची आणि वेडेकिंडला सात महिन्यांची शिक्षा झाली. दोघांनी ती क्योनिगश्टाइनच्या किल्ल्यात भोगली. लांगेन देशाबाहेर निसटला आणि ३०,००० मार्क भरून पाच वर्षांनी परतला. साप्ताहिकाचा खप मात्र वाढला. या गुन्ह्याला मराठीत 'राजद्रोह' म्हणू नका. त्या शब्दाने आपल्याला टिळकांवरचे खटले आठवतात, आणि तिथे आरोप सरकारविरुद्ध अप्रीती पसरवल्याचा होता. इथे गुन्हा सम्राटाच्या व्यक्तिगत अवमानाचा होता.

मजकूर बराचसा फ्राक्टुर, म्हणजे जुन्या जर्मन वळणाच्या लिपीत आहे. त्यातला लांब 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो. फरक आडव्या रेघेत आहे: 'एफ'ची रेघ दांडा ओलांडून उजवीकडे जाते, 'एस'ची जात नाही. संगणकाने ओळखलेल्या मजकुरात हीच चूक शेकड्यांनी सापडते. शोधून शब्द मिळाला नाही, तर 'एस'च्या जागी 'एफ' टाकून पुन्हा शोधा. कॅपिटल अक्षरांतले 'आय' आणि 'जे' तर एकसारखेच असतात, तिथे शब्दावरूनच ठरवायचं. बव्हेरियन बोलीतल्या ओळी यांत्रिक भाषांतरात टाकू नका, अर्थाचा विचका होतो. त्या मोठ्याने वाचल्या की निम्म्या उलगडतात.

मग सही बघा. हात ओळखता आला की वाचन झपाट्याने पुढे सरकतं. केसासारखी बारीक, सलग रेघ असेल तर ओलाफ गुलब्रान्सन. तो नॉर्वेचा, १९०२ मध्ये आला. ऐटबाज लष्करी अधिकारी एडुआर्ड ट्योनीचे, नाचगाण्याच्या मैफलीतल्या नाजूक स्त्रिया रेझनिचेकच्या, आणि साखळी तोडलेला लाल बुलडॉग हाइनेचा. कवितेखाली 'पेटर श्लेमील' दिसलं तर तो लुडविग थोमा. पाद्र्यांच्या नीतिप्रवचनांवर लिहिल्याबद्दल त्याने १९०६ मध्ये सहा आठवडे तुरुंगात काढले. सहीवरून चित्रकार ठरवा, चित्राखालच्या ओळीचा लेखक नव्हे. ती ओळ बऱ्याचदा संपादकीय चर्चेत घडत असे.

यानंतर काळाची पारख. ऑगस्ट १९१४ पूर्वीचा अंक आणि नंतरचा अंक एका मापाने मोजू नका. पहिलं महायुद्ध लागताच हे साप्ताहिक युद्धाच्या बाजूला गेलं, आणि तसं जावं असं म्हणणाऱ्यांत खुद्द हाइने होता. युद्धानंतरच्या प्रजासत्ताकाच्या काळात साप्ताहिकाने हिटलरवर सडकून टीका केली. मार्च १९३३ मध्ये नाझींच्या टोळीने कार्यालयाची मोडतोड केली. ज्यू असलेल्या हाइनेला हाकललं गेलं. तो प्राग, ओस्लो असं करत स्टॉकहोमला पोचला आणि १९४८ मध्ये तिथेच वारला. गुलब्रान्सन, ट्योनी, कार्ल आर्नोल्ड हे चित्रकार मात्र थांबले आणि काढत राहिले. १९३३ नंतरच्या चित्रात तीच ओळखीची सुंदर रेघ दिसते, पण मजकूर नाझी सत्तेला मानवणारा असतो. हे बघताना मन खट्टू होतं. तरी ते अंक वगळू नका, फक्त 'सिम्प्लिसिसिमसचं निर्भीड व्यंग' म्हणून ते कुठे वापरू नका.

पडताळ्यासाठी त्याच आठवड्याचा बर्लिनचा 'क्लाडेराडाच' हा दुसरा व्यंग-साप्ताहिक अंक शेजारी ठेवा. तो १८४८ पासून निघे, आणि त्याचे अंक हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने डिजिटल केले आहेत. एकाच घटनेवरची दोन चित्रं जोडून पाहिली, की कुणी कुणाला सांभाळून घेतलं ते लगेच दिसतं.

आणि अंकावर १९५४ ते १९६७ मधलं साल असेल, तर तो दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच नावाने काढलेला वेगळा अवतार आहे. वर दिलेला १८९५ चा हिशेब त्याला लावू नका.