नागपूरचं जुनं राजधानीपण पाहायला निघताना

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा. नागपुरातला जुन्या राज्यकारभाराचा भाग दाखवायला पाहुण्यांना न्यायचं असेल, तर काय काय दाखवायचं ते मागाहून ठरलं तरी चालतं, तारीख मात्र आधी ठरायला हवी. इथली निम्मी दारं तारखेवर उघडतात. बर्डीचा, म्हणजे सीताबर्डीच्या टेकडीवरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्य माणसाला तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असे वर्षातले तीनच दिवस बघायला मिळतो. विधान भवनाला जाग येते ती हिवाळी अधिवेशनापुरती. अजब बंगला, म्हणजे इथलं जुनं संग्रहालय, सोमवारी बंद असतो. ‘दोन दिवसांसाठी येतोय, सगळं दाखवा’ असा फोन आला, की आधी विचारा, कोणते दोन दिवस?

किल्ल्याच्या तीन दिवसांपैकी माझं मत बिनदिक्कत २६ जानेवारीला. १ मे रोजी टेकडीवरचा दगड सकाळी दहालाच तापतो, आणि त्या उन्हात लहान मुलं नि म्हातारी माणसं घेऊन रांगेत उभं राहणं म्हणजे इतिहासाशी वैर घेणं. १५ ऑगस्टला पावसाचा भरवसा नाही. जानेवारीत हवा छान असते, कस्तुरचंद पार्कवरची परेड पाहता येते आणि तिथून किल्ला जवळच आहे. त्या भागात गाडी लावायला जागा मिळणार नाही हे गृहीत धरा आणि मेट्रोने या. झिरो माईल आणि कस्तुरचंद पार्क ही दोन्ही स्टेशनं याच पट्ट्यात आहेत. ओळखपत्र जवळ असू द्या, पिशवी लहान ठेवा. आत फोटोबाबत जवान जे सांगतील ते ऐका, हुज्जत घालू नका.

आता थोडा अभ्यास. तो केला नाही तर दगड नुसते दगड दिसतील. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये हे शहर वसवलं. मग भोसले आले आणि राज्य ‘महाल’ नावाच्या जुन्या वस्तीतून चालू लागलं. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य इंग्रजांशी लढलं आणि हरलं. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, दत्तकाला मान्यता न देता इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि १८६१ पासून नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशची राजधानीही हेच. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि मध्य प्रदेशचा कारभार भोपाळला. एवढी मोठी राजधानी एका दिवसात गेली. त्याची भरपाई म्हणा की समजूत म्हणा, १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं वर्षाला किमान एक अधिवेशन इथे घेण्याचं ठरलं होतं. ‘नागपूर उपराजधानी का?’ हा प्रश्न पाहुण्यांची मुलं विचारतातच, तेव्हा हा परिच्छेद तोंडपाठ असलेला बरा.

सुरुवात महालातून करा, शेवट सिव्हिल लाईन्समध्ये. बरेच जण उलट करतात, कारण हॉटेल सदरकडे असतं. पण सत्ता सरकली ती महालाकडून सिव्हिल लाईन्सकडेच. गांधी गेट म्हणजे पूर्वीचा जुम्मा दरवाजा. तिथे उतरा, शिवाजी महाराजांचा पुतळा पाहा आणि गल्ल्यांतून पायी भोसल्यांच्या वाड्याकडे चला. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाने भरलेला जुना राजवाडा १८६४ च्या आगीत गेला, फक्त भव्य दरवाजा तेवढा वाचला. सध्याच्या वाड्यात घराणं नांदतं आहे, तेव्हा विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आलात तर महाल-इतवारीत मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत सापडाल. काळी मारबत भोसले घराण्यातल्या बाकाबाईंच्या इंग्रजधार्जिणेपणावरच्या रागातून निघाली असं इथे सांगतात. राजकारणावरचा राग लोक कसा काढतात ते पाहायचं तर त्या दिवसासारखा दिवस नाही. पण त्या दिवशी बाकीचा बेत गुंडाळून ठेवा, रस्ते मिळणार नाहीत.

महालातून बर्डीला ऑटोने या. बसण्याआधी ‘किती?’ विचारून घ्या, मग वाद नको.

झिरो माईलला घाई करू नका. उधळल्यासारखे चार घोडे आणि शेजारी वालुकाश्माचा खांब. लोक घोड्यांसोबत सेल्फी काढतात आणि खांबाकडे पाठ करतात. खरा मजकूर खांबावर आहे. त्याच्या बाजूंवर गावांची नावं आणि अंतरं कोरली आहेत, मैलांत. जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल, हैदराबाद, चांदा. यातली निम्म्याहून जास्त नावं आज दुसऱ्या राज्यात पडतात, आणि हैदराबाद सोडलं तर नागपूरचा कारभार कुठवर पसरला होता ते नकाशा न उघडता कळतं. मुलांना एकेक नाव वाचायला लावा. ‘हाच का भारताचा मध्य?’ याचं उत्तर तयार ठेवा: इंग्रजांच्या सर्वेक्षणातलं हे अंतरं मोजायचं ठिकाण, आणि तेव्हाचा हिंदुस्थान आजच्यापेक्षा बराच मोठा होता.

तिथून जवळच गोवारी शहीद स्मारक आहे. टुरिस्ट यादीत ते बहुधा नसतं, तुमच्या यादीत असू द्या. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मेले. त्यात बायका आणि लेकरं होती. विधान भवन इथून हाकेच्या अंतरावर आहे. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहातही लोक असेच सत्तेच्या दाराकडे चालले होते. तिरंगा घेऊन सिव्हिल लाईन्समध्ये जायला इंग्रजांनी बंदी केली होती आणि स्वयंसेवक तुकड्या-तुकड्यांनी त्याच दिशेने निघून अटक करवून घेत होते. आज अधिवेशनाच्या दिवसांत यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे मॉरिस कॉलेज टी पॉइंटला, टेकडी रोडला अडवतात. डिसेंबरात येणार असाल तर या जागा नकाशावर खूण करून ठेवा. दुपारी बारानंतर त्या टाळायच्या, किंवा मुद्दाम तिथेच जाऊन उभं राहायचं. मी दुसरं सुचवीन. सभागृहातलं भाषण टीव्हीवर दिसतं, रस्त्यावर बसलेल्या अंगणवाडी सेविकेचं म्हणणं इथेच ऐकू येतं.

सभागृह बघायचंच असेल तर प्रेक्षक गॅलरीच्या पासासाठी आमदाराच्या कार्यालयाशी आधी बोला. ऐन सकाळी ‘भाऊ, दोन पास’ म्हणून होत नाही. नाव ओळखपत्रावर आहे तसंच द्या, मोबाईल बाहेर ठेवावा लागेल हे धरूनच निघा. अधिवेशन नसताना इमारत बाहेरून पाहायची. रामगिरी आणि देवगिरी या मंत्र्यांच्या बंगल्यांची फाटकंच दिसतील, त्यासाठी वेगळा ऑटो करू नका.

हायकोर्टाला मात्र वेळ द्या, आणि घरी दुर्बीण असेल तर इथे काढा. नवी दिल्ली उभी राहत असताना तिथे काम केलेल्या हेन्री मेड यांनी ही वास्तू रचली. पायाभरणी १९३७ ची, उद्घाटन १९४० चं, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या हस्ते. तेव्हा प्रांताचं स्वतःचं हायकोर्ट होतं, आता मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. रविवारी सकाळी रस्ता रिकामा असतो तेव्हा घुमट नीट दिसतो. कामाच्या दिवशी काळ्या कोटांच्या आणि गाड्यांच्या गर्दीत तो हरवतो.

सोबत पाणी, टोपी आणि उन्हाळा असेल तर सुती दुपट्टा, नाक-कान झाकेल एवढा मोठा. नाश्ता निघण्याआधी करा: सिव्हिल लाईन्स-सदरच्या ठेल्यांवर तर्री पोहे मिळतात. तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, वेगळी मागा, बाहेरच्यांना पहिल्याच घासाला ठसका लागतो. दुपारचं ऊन अजब बंगल्यात काढा. १८६३ चं हे संग्रहालय सिव्हिल लाईन्समध्येच आहे.

राहायची सोय शेवटी लिहितो, पण करायची आधी. डिसेंबरात आमदार, अधिकारी, पत्रकार आणि मोर्चेकरी सगळे एकदम येतात, खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर भाव ऐकून घाम फुटतो. मे महिन्यात हव्या तेवढ्या मिळतील. तेव्हा येणाऱ्यांना स्टेशनवर घ्यायला मी येईन, किल्ल्यावर येणार नाही.