जुन्या गाडीच्या आतल्या प्लास्टिकला रंग देताना या चुका टाळा

डोअर पॅडला, म्हणजे दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणाला, रंग दिल्यावर पहिले काही आठवडे गाडी आतून नवी वाटते. मग एके दिवशी कोपर टेकते त्या जागी पोपडा सुटतो आणि नखाने ओढला तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सलग निघून येतो. अशा वेळी दोष रंगाला दिला जातो आणि दुसऱ्या कंपनीचा स्प्रे कॅन आणून त्याच पोपड्यांवर नवा हात मारला जातो. माझ्या २००४ सालच्या मारुती झेनमध्ये मी हे दोनदा केले. दोन्ही वेळा रंगात काहीही खोट नव्हती; खालचे प्लास्टिकच त्याला धरून ठेवत नव्हते.

जुने पॉलिश तसेच ठेवणे

सर्वाधिक कामे इथेच बिघडतात. आपल्याकडील जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर वर्षानुवर्षे पॉलिश मारलेले असते आणि त्यातील बहुतेक पॉलिशमध्ये सिलिकॉन असते. काही घरांत काळ्या प्लास्टिकला चमक यावी म्हणून खोबरेल तेलही चोळले जाते. हे थर डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु ओला रंग त्यांच्यावरून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे बारीक गोल खड्डे पडतात. असे खड्डे दिसताच जास्त रंग ओतून ते बुजवण्याचा मोह होतो, तो आवरावा, कारण रंग खड्ड्याच्या कडेला साचतो आणि मधली जागा उघडीच राहते. तेव्हा रंग पूर्ण वाळू द्यावा, घासून काढावा आणि धुण्यापासून पुन्हा सुरुवात करावी.

धुण्यासाठी कोमट पाणी, भांडी घासण्याचे लिक्विड आणि मऊ ब्रश पुरेसा असतो. प्लास्टिकवर चामड्यासारखी जी दाणेदार नक्षी असते, तिच्या खाचांत तेल आणि धूळ एकत्र बसलेली असते. म्हणून नुसते फडके न फिरवता ब्रश सर्व दिशांनी फिरवावा आणि ही धुलाई किमान दोनदा करावी. भाग वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. त्यासाठी दोन फडकी घ्यावीत, एक ओले आणि एक कोरडे, आणि अल्कोहोल उडून जाण्याआधीच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. अन्यथा विरघळलेले तेल पुन्हा त्याच जागी बसते. गॅरेजमध्ये या कामासाठी पेट्रोल किंवा रॉकेल वापरण्याची सवय दिसते. रॉकेल स्वतःच तेलकट थर मागे ठेवते आणि पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेटते, त्यामुळे दोन्ही टाळावीत.

काही गाड्यांच्या स्विचांभोवती आणि हँडलवर रबरासारखा मऊ लागणारा लेप असतो. दमट हवेत तो काही वर्षांनी विघटित होऊन चिकट होतो, आणि कोकणपट्टीतील गाड्यांच्या मालकांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. या चिकट लेपावर कोणताही रंग टिकत नाही. अल्कोहोलने तो पूर्ण उतरवून खालच्या कडक प्लास्टिकवरच काम करावे लागते.

प्लास्टिक कोणते आहे हे न पाहणे

भाग सोडवल्यावर त्याची मागची बाजू पाहावी. तिथे बहुधा बाणासारख्या कंसांत ‘पीपी’ किंवा ‘एबीएस’ अशी इंग्रजी अक्षरे उठावात असतात. एबीएसवर रंग सहज बसतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हे मात्र मेणासारख्या स्वभावाचे प्लास्टिक आहे; त्यावर साधा प्रायमर मारला तरी तोही रंगाबरोबर सोलून निघतो. त्यासाठी प्लास्टिक प्रायमर किंवा अॅडहिजन प्रमोटर या नावाने मिळणारा पारदर्शक, पातळ हात आधी द्यावा लागतो. तो घासायचा नसतो, आणि कॅनवर जितका वेळ सांगितला असेल तितक्यातच त्यावर रंग चढवायचा असतो. दुसऱ्या दिवशी रंग दिल्यास त्याचा उपयोग उरत नाही.

तुकडा पाण्यात टाकून तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस, अशी एक परीक्षा सांगितली जाते. साधे पीपी पाण्यापेक्षा हलके असते हे खरे, पण गाड्यांतील पीपीमध्ये अनेकदा २० टक्क्यांच्या आसपास टाल्क ही खनिज भुकटी मिसळलेली असते आणि ते एबीएसप्रमाणेच बुडते. त्यामुळे खूण सापडली नाही तर भाग पीपीचा आहे असे धरून चालणे शहाणपणाचे.

घासणे आणि थिनर

१८० किंवा २२० नंबरचा जाड दाण्याचा पॉलिश पेपर पीपीवर फिरवला की प्लास्टिकचे बारीक केस उभे राहतात आणि ते रंगातून वर दिसतात. शिवाय दाणेदार नक्षी एकदा घासली गेली की ती परत आणता येत नाही. राखाडी स्कॉचब्राइटने किंवा ८०० नंबरच्या वॉटर पेपरने चमक जाईपर्यंतच हात फिरवावा. खोल ओरखडा असेल तेवढ्याच जागी ६०० वापरावा. हीट गनने पांढुरके प्लास्टिक काळे करण्याची युक्ती आतल्या भागांवर करू नये, कारण उष्णता थोडी जास्त झाली तरी नक्षी सपाट होते आणि पातळ पॅड वाकतो.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने पुसणे ही नेहमीची चूक आहे. एबीएसचा पृष्ठभाग त्याने मऊ पडतो आणि पुढे क्लिपांच्या आसपास, जिथे ताण असतो तिथे, बारीक तडे जातात.

हवा आणि हात

जुलैत रत्नागिरीत आणि मे महिन्यातील दुपारी नागपुरात एकाच पद्धतीने रंग देता येत नाही. दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरते आणि रंगावर दुधाळ छटा येते. शक्य असल्यास पावसाची उघडीप पाहूनच काम काढावे. कडक उन्हात उलट घडते: रंगाचे थेंब हवेतच सुकतात आणि भागावर खरखरीत भुकटी म्हणून पडतात. सकाळची, सावलीतील, वारा नसलेली वेळ उत्तम.

कॅनमधील गोळी वाजू लागल्यावर आणखी दोन मिनिटे कॅन हलवावा, २० ते २५ सेंटिमीटरवरून फवारावे, आणि पहिला हात इतका विरळ द्यावा की खालचे प्लास्टिक दिसत राहील. असे तीन-चार हात, प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटे थांबून. एका जाड हाताने नक्षी बुजते आणि ओघळ येतात. ओघळ ओला असताना पुसू नये; वाळल्यावर १००० नंबरच्या वॉटर पेपरने सपाट करावा आणि शेवटचा हात पूर्ण भागावर द्यावा, कारण मॅट रंगात तेवढ्याच जागी दिलेला ठिगळ वेगळा चमकतो. डॅशबोर्डच्या वरच्या भागासाठी मॅटच घ्यावा. ग्लॉसी रंगाचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि दुपारी रस्ता दिसण्यात अडथळा येतो. हार्डनर मिसळून वापरायच्या टू-के रंगात आयसोसायनेट ही श्वासातून गेल्यास घातक ठरणारी रसायने असतात. ते वापरताना कापडी मास्क अजिबात पुरत नाही.

स्टिअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर ‘एसआरएस’ असे लिहिले असेल, तर एअरबॅगच्या त्या झाकणाला रंग लावू नये. ते झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटायला हवे, आणि रंगाचा थर त्यात बदल करू शकतो. सीटबेल्टचे बकलही सोडावे. स्विचांच्या कडांवर रंग चढला तर बटणे अडकतात.

भाग तडकलेला असेल तर रंगाचा खर्च वाया जातो. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात अनेकदा चांगला पॅड मिळतो. नाही मिळाला तरी तिथून एक मोडका तुकडा आणावा, त्यावर संपूर्ण कृती करून पाहावी आणि आठवड्याने मास्किंग टेप घट्ट चिकटवून झटक्यात ओढावी. टेपवर रंग आला, तर मूळ भागाला हात लावण्यापूर्वी धुण्यात किंवा प्रायमरमध्ये काय राहिले ते शोधावे.

रंग हाताला अर्ध्या तासात कोरडा लागतो, पण आतपर्यंत कडक व्हायला साधारण आठवडा घेतो. तोवर पॅड बसवू नयेत. क्लिपा दाबताना बोटांचे ठसे त्यात कायमचे उमटतात, आणि वीस वर्षांच्या क्लिपा तशाही मोडतात, म्हणून नव्या क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात.