विकायचा फ्लॅट भाड्याच्या फर्निचरने सजवायचा का?

आधी इमारत बघा. सोसायटी पुनर्विकासाच्या वाटेवर असेल तर सजावटीला हात लावू नका. तिथे घेणारा नव्या घराचा कार्पेट एरिया आणि करारनामा बघतो, तुमचा सोफा नाही. भाडेकरू राहत असेल तरीही नको.

सजावट खरी उपयोगी पडते ती रिकाम्या, लहान खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. १० बाय १० फुटांची बेडरूम रिकामी असली की त्यात पलंग मावेल का, याचा लोकांना अंदाजच येत नाही. ५ बाय साडेसहा फुटांचा पलंग एका भिंतीला लावा, दुसऱ्या बाजूला चालायला किमान दोन फूट सोडा. प्रश्न तिथेच मिटतो. हॉलमध्ये दोन आसनी सोफा पुरे. तीन आसनी सोफ्याने बाल्कनीची वाट अडली तर खोली उलट लहानच दिसते.

पण ओल असेल तर सगळा पैसा आधी तिकडे. मुंबईच्या पावसात बाथरूमलगतची किंवा बाहेरची भिंत फुगते आणि गळती न थांबवता वर रंग मारला की पोपडे पुन्हा सुटतात. वॉटरप्रूफिंग करा, भिंत पूर्ण सुकू द्या, मगच पुट्टी आणि रंग. ताज्या रंगाचा एकटाच ठिगळ दिसला तर खरेदीदाराला हमखास संशय येतो, म्हणून ती भिंत पूर्ण रंगवा.

फर्निचरचं भाडं ठरवताना किमान मुदत, डिपॉझिट आणि ने-आण विचारा. सामान लिफ्टने चढवायला सोसायटीची परवानगीही घ्या. ही बेरीज एका महिन्याच्या मेंटेनन्स आणि हप्त्याशी ताडून बघा. सजावटीने विक्री महिनाभरही लवकर होणार नसेल, तर घासूनपुसून स्वच्छ केलेलं घर आणि प्रत्येक खोलीत चालू दिवे एवढंच करा.